बाईंचा मॉनिटर

कर्जतच्या बाजारात डोळे मिटून दगड भिरकावला तर तो आमच्या बाईंनी गणितात नापास केलेल्या माणसालाच लागेल, असं तिथं म्हणतात. गंमत म्हणजे ज्याला लागेल तो कपाळ चोळत वर फुशारकीनं सांगेल, "मला अठ्ठावीस दिले होते बाईंनी!" मी साताऱ्याकडची. आमच्याकडं नापास करणाऱ्या मास्तरला माणसं जन्मभर नावं ठेवतात. इथं रिक्षावाल्यापासून जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरपर्यंत जो तो आपले पडलेले मार्क बक्षीस मिळाल्यासारखे सांगायचा. ह्या गावाचं काहीतरी बिनसलंय, असं मला वाटायचं. मग बाईंच्या घरात तीन वर्षं भाडेकरू म्हणून राहिले आणि माझंही बिनसलं.

मला तिथल्या एका पतपेढीत नोकरी लागली होती. नदीच्या बाजूच्या गल्लीत एका निवृत्त बाईंची बाजूची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून बघायला गेले. बाई पडवीत खुर्चीवर बसलेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि लखलखीत ऊन पडलेलं असताना हातात मिटलेली छत्री. त्या छत्रीनं बाई माणसांना थांबवायच्या, बोलवायच्या आणि वेळ आली तर दारही दाखवायच्या. त्यांनी छत्रीनंच मला समोर उभं केलं.

"दूध उतू चाललंय. काय करशील?" नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, एकदम दूध.

"गॅस बंद करेन."

"सहा."

"काय सहा?"

"दहापैकी सहा. उत्तर बरोबर आहे, रीत नाही सांगितलीस."

खोली मिळाली. पण मी त्या दिवशी पलंगावर बसून बराच वेळ विचार करत होते, की गॅस बंद करण्यात रीत ती काय असते?

मार्क द्यायची खोड बाईंची शाळा सुटली तरी सुटली नव्हती. दूधवाल्याच्या दुधाला मार्क, पेपरातल्या अग्रलेखाला मार्क, समोरच्या घरी मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही मार्क, आणि ते त्यांच्यासमोर. बरोबर उत्तरानं भारावून जाणं त्यांना माहीत नव्हतं. शेजारच्या कुंदावहिनींच्या तांदळाच्या भाकरीला एकदा साडेआठ मिळाले, तर वहिनींनी महिनाभर गल्लीत कुणाला सुखानं भाकरी खाऊ दिली नाही. ह्या कुंदावहिनी माहेरच्या पोशीर गावच्या. अंगानं आडव्या, मनानं त्याहून ऐसपैस, आणि बाईंच्या माजी विद्यार्थिनी. नापास, हे सांगायला नकोच.

बाईंना ऐकू येत नव्हतं. उजवा कान पार गेलेला, डाव्यात तोंड घालून ओरडलं तर थोडंफार. मात्र समोर उभं राहून बोललं की ओठांवरून सगळं समजायचं. मुलानं कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं होतं, अन्नपूर्णेच्या शेजारी.

"कानात मुंगळा गेल्यासारखं होतं गं," त्या म्हणायच्या. "देवापुढे ठेवलंय. माझं काम सांगायचं, ऐकायचं काम त्याचं."

स्वतःचा आवाज स्वतःला येत नसल्यामुळे त्या बोलायच्याही जोरात. बाईंची गुपितं सबंध गल्लीला तोंडपाठ होती.

एकदा हिवाळ्यात बाई पडवीत बसून गणितं सोडवत होत्या. हो, गंमत म्हणून, माणसं पत्ते खेळतात तशी. आत कुकरमध्ये डाळ. शिट्ट्या होऊन गेल्या, पाणी आटलं, आणि शेवटी कुकरचा व्हॉल्व्ह असा उडाला की कुंदावहिनी हातातली परात टाकून धावत आल्या. डाळ छताला. बाई मान वर करून छताकडं बघत शांतपणे म्हणाल्या, "शून्य."

पण त्या रविवारी त्यांचा मुलगा नितीन पनवेलहून आला तेव्हा त्यानं हसण्यावारी नेलं नाही. चांगला माणूस. आईशी बोलताना नेहमी खुर्ची ओढून अगदी समोर बसायचा, म्हणजे तिला ओठ दिसावेत.

"आई, मे महिन्यात चल पनवेलला. कायमची."

"माझे कान गेलेत नितीन, डोकं नाही गेलं."

"डोकं आहे म्हणूनच तुला विचारतोय. दिवसभर घरात कान असलेलं कुणीतरी पाहिजे. ही ताई तर सकाळीच जाते कामावर. आहे का दुसरं कुणी?"

बाईंनी छत्रीच्या टोकानं शेजारची भिंत ठोकून पाहिली. नवरा अकाली गेल्यावर पदरात लहान मूल असताना, शाळेच्या पगारातून, वीट न् वीट स्वतः ठोकून बघून त्यांनी हे घर बांधलं होतं. पनवेलला सातव्या मजल्यावर त्यांना एक खोली मिळणार होती. तिथं सगळं होतं, फक्त त्यांना 'बाई' म्हणून हाक मारणारं कुणी नव्हतं.

"मेपर्यंत वेळ आहे ना?" त्यांनी एवढंच विचारलं.

आमच्या गल्लीत डोंगरातल्या वाडीवरून भागीबाई यायची, कधी कंदमुळं, कधी पत्रावळीची पानं घेऊन. त्या आठवड्यात तिच्या टोपलीत पानांखाली दोन कुत्र्याची पिल्लं निघाली. वाडीवरच्या तिच्या कुत्रीची. बाईंनीच सांगून ठेवलं होतं म्हणे. त्यांनी दोन्ही पिल्लं पडवीत सोडली आणि मागून स्टीलचं ताट दाणकन आपटलं. एक पिल्लू खुर्चीखाली पळालं. दुसरं दचकलं, मागं वळलं आणि ताटापाशी येऊन त्याला हुंगायला लागलं.

"हा," बाई म्हणाल्या.

"बाई, अहो कुत्रं?" मी म्हटलं.

"कान बघ ह्याचे. डोक्यापेक्षा मोठे आहेत. नितीनला कान असलेलं कुणीतरीच हवंय ना?"

मी तिथंच पायरीवर बसले. पिल्लानं तेवढ्यात माझ्या पायाशी शू केली.

दुसऱ्या दिवशी त्याचं नाव ठरलं, मॉनिटर. "वर्गात बाई नसताना कोण बोललं हे येऊन सांगणं कुणाचं काम? मॉनिटरचं. मला न ऐकू आलेलं येऊन सांगणं हे ह्याचं काम." दार वाजलं, फोन वाजला, कुकरची शिट्टी झाली की ह्यानं यायचं आणि बाईंच्या गुडघ्याला नाक लावायचं. बस, एवढाच अभ्यासक्रम. ऐकून कुंदावहिनी माझ्या कानाशी लागल्या, "ह्यांनी आमाला त्रैराशिक शिकवलं, आमी शिकलो नाय. हा कुत्रा काय शिकतोय?"

पहिले पंधरा-वीस दिवस घराची दैना झाली. चटई ओली, पायपुसणं ओलं, माझी चप्पल चावून चोथा. रात्री आईच्या आठवणीनं कुंई कुंई करून मॉनिटरनं गल्ली जागवली, फक्त बाई सोडून. पण बाईंनी त्याच्यावर हात उगारला नाही. झोपून उठला की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून झालं की बाहेर. बाहेर शू केली की "शाब्बास" आणि घरात केली तर एक शब्द नाही, मुकाट्यानं पुसायचं. दात शिवशिवतात म्हणून नारळाचं सोडण दिलं चावायला. आणि हाताला चावला की बाई ताडकन उठून भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या.

"हे काय?" मी विचारलं.

"वर्ग दंगा करायला लागला की मी फळ्याकडे तोंड करायची. ओरडून पोरं गप्प होत नाहीत. आपल्याकडे कुणी बघत नाही म्हटल्यावर होतात."

आणि खरंच, ते एवढंसं पिल्लू भिंतीकडं तोंड केलेल्या बाईंच्या पांढऱ्या बुटांशी येऊन गुपचूप बसायचं. मी हसत सुटायची, पण मनात म्हणायची, मानलं बाई तुम्हाला.

खरी अडचण आली बक्षिसाची. नाक लावलं की काहीतरी खाऊ द्यायला हवा. बाई पक्क्या शाकाहारी, कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. त्यांनी चपातीचा तुकडा देऊन पाहिला, शेंगदाणे दिले, साजूक तुपातला शिरा दिला. मॉनिटर हुंगून बघायचा आणि तोंड फिरवायचा. मग एकदा कुंदावहिनींनी गंमत म्हणून सुकटीचा एक कण त्याच्यापुढं टाकला. त्या कणासाठी त्यानं दोन पायांवर उभं राहून जे काय केलं, ते बघून बाईंचा चेहरा पडला.

"म्हणजे हाच मार्ग का गं, कुंदा?"

"दुसरा नाय, बाई."

पुढच्या बाजाराच्या दिवशी अख्ख्या कर्जतनं बघितलं, की गणिताच्या बाई नाकाला पदर लावून, छत्रीच्या टोकानं दाखवत सुकट विकत घेतायत. कोळीण म्हणाली, "बाई, तुमी?" बाई म्हणाल्या, "विद्यार्थ्यासाठी." ती सुकट त्या तीन पाण्यांनी धुवायच्या, खारटपणा बाधू नये म्हणून, मग उन्हात वाळवायच्या आणि आपल्या जुन्या कंपासपेटीत भरून ठेवायच्या. कमरेला खोचलेली कंपासपेटी उघडली की सगळ्या पडवीत वास. मी एकदा नाक मुरडलं तर म्हणाल्या, "शिकवायचं म्हटलं की विद्यार्थ्याच्या आवडीकडून जावं लागतं. आपल्या आवडीकडून गेलं की तो वर्गाबाहेर." तोंडानं रामराम म्हणत होत्या, पण देत होत्या.

लसही त्यांनी वेळच्या वेळी टोचून आणली. पिल्लू शबनम पिशवीत, डोकं बाहेर. कंपाउंडरनं हात जोडून विचारलं, "बाई, मला ओळखलंत?" त्याच्याकडं नीट बघून बाई म्हणाल्या, "एकतीस." तो इतका खूश झाला की मॉनिटरला सुई कधी टोचली ते मॉनिटरलाही कळलं नाही.

दार आणि फोन पोरगं महिन्याभरात शिकलं. कुकरनं मात्र घोळ घातला. बाईंनी शिकवणी धरली सकाळी अकराला, म्हणजे ज्या वेळी गल्लीतल्या आठी घरांत कुकर चढलेले असतात. कुठंही शिट्टी झाली की मॉनिटर येऊन नाक लावायचा. बाई उठून आत जायच्या, बघतात तर आपला कुकर थंड. बसतात तोवर पुन्हा नाक. गल्लीचा स्वयंपाक होईपर्यंत बाईंच्या पंधरा फेऱ्या.

म्हणून त्यांनी वेळ बदलली. दुपारी तीनला, सगळी गल्ली पेंगत असताना, नुसत्या पाण्याचा कुकर लावायचा. दुपारी शिट्ट्या ऐकून कुंदावहिनी डोळे चोळत दारात आल्या.

"बाई, आता काय शिजवताव?"

"पाणी."

वहिनींनी जांभई दिली. "मग मीठ घाला थोडं," म्हणून परत झोपायला गेल्या.

आता बाईंना शिट्टी ऐकू येत नाही, मग खाऊ नेमका कधी द्यायचा हे कसं कळणार? तिथं माझी नेमणूक झाली. सुट्टीच्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचं आणि शिट्टी झाली की हात वर करायचा. बाई पडवीत गल्लीकडं तोंड करून बसायच्या. समोरच्या खांबाला हातभर आरसा लावलेला, त्यात त्यांना माझा हात दिसायचा. हात वर झाला आणि मॉनिटरनं नाक लावलं की सुकट. मे महिना उजाडेपर्यंत तो असा तयार झाला, की माझा हात पुरता वर जायच्या आत त्याचं नाक गुडघ्याला. आम्हा दोघींना कोण आनंद! मी तर पतपेढीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, आमचा मॉनिटर म्हणजे मॉनिटर आहे.

नितीन ठरल्याप्रमाणे आला. बाईंनी रीतसर परीक्षा ठेवली होती. मला बजावलं, "आज तू फक्त बसायचं. हात मांडीवर. त्याचं त्याला करू दे."

नितीननं बाहेर जाऊन कडी वाजवली. मॉनिटर उठला, बाईंच्या गुडघ्याला नाक. फोन लावला. नाक. नितीन खुर्चीत सावरून बसला. त्याला वाटलं नव्हतं एवढं होईल. आत वरणभाताचा कुकर लावलेला, तीन शिट्ट्यांचा. शिट्टीगणिक मॉनिटरनं यायचं आणि त्याच्या तिसऱ्या नाकाला बाईंनी उठून गॅस बंद करायचा.

पहिली शिट्टी झाली. मॉनिटरनं कान टवकारले, मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं. दुसरी झाली. तो माझ्याकडंच बघतोय, शेपटी हलवतोय, आणि नजर माझ्या उजव्या हातावर. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं आई गं! हा शिट्टी ऐकतच नव्हता. इतके दिवस हा माझा हात बघून शिकला होता!

तिसरी झाली. चौथी झाली. बाई पाठमोऱ्या, ताठ, निवांत. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नाही आत काय चाललंय. नितीननं एक सुस्कारा सोडला आणि गॅस बंद करायला उठायला लागला.

मी हात वर केला. का नाही करणार? एक हात वर केल्यानं कुणाचं घर राहत असेल तर मी दोन्ही वर केले असते, पायसुद्धा केले असते. मॉनिटर सुटला तो थेट गुडघ्यावर.

"अरे वा!" नितीन म्हणाला. त्यानं माझा हात पाहिलाच नव्हता. "उशीर केला, पण आला की! आई, पास गं हा!"

बाई उठल्या. आत जाऊन गॅस बंद करून आल्या आणि नितीनसमोर उभ्या राहिल्या.

"नापास."

"अगं, आला ना तो?"

"कॉपी झाली. मी आरशात पाहिलं. हा शिट्टी ऐकत नाही, हिचा हात बघतो. कुकर त्याला आलाच नाही."

मी मनात कपाळावर हात मारून घेतला. समोर पोरगा पास म्हणतोय, घर राहतंय, आणि ही बाई स्वतःच्या तोंडानं नापास म्हणतेय! त्यांना कळत होतं आपण काय बोलतोय ते. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी असं वाटलं, की धावत बाहेर जाऊन गल्लीला ओरडून सांगावं, बघा, ह्या माझ्या घरमालकीणबाई!

नितीननं एकदा मॉनिटरकडं, एकदा आईकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मला नववीत गणितात बत्तीस दिले हिनं. हेडमास्तर स्वतः घरी आले होते. म्हणाले, बाई, पोरगं तुमचं आहे, तीन मार्क वाढवा. तर म्हणते कशी, पोरगं माझं आहे, मार्क त्याचे आहेत."

"फेरपरीक्षेत एकाहत्तर पाडलेस," बाई म्हणाल्या. त्यांनी ते ओठांवरून वाचलं होतं. "हाही बसेल. ऑक्टोबरला."

"आई, ऑक्टोबर आता राहिलाय कुठं? फेरपरीक्षा जुलैत असते."

"माझी ऑक्टोबरातच."

जाताना मी त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले. तो म्हणाला, "खोटं पास केलं असतं आणि मला कळलं असतं ना, तर आजच घेऊन गेलो असतो तिला. पण ऑक्टोबरला नाही जमलं तर मात्र मी ऐकणार नाही, ताई. डाळ छताला लागलेली मी पाहिली आहे. पुढल्या वेळी गॅस भडकला तर?" त्याचंही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मला उंबऱ्यावर बसायला बंदी. "तुझा हात चांगला आहे, पण तो त्याच्या डोक्यात बसलाय," बाई म्हणाल्या. आता मी घराच्या मागं, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभी राहायची. शिट्टी झाली की बाईंना मिस्ड कॉल द्यायचा. फोन बाईंच्या मांडीवर, आवाज बंद करून. फोन थरथरला आणि मॉनिटर आपणहून आलेला असला तरच सुकट. फोन थरथरला आणि तो नुसता बसलेला असला तर काही नाही. माझा हात गायब झाल्यावर पोरगं कावरंबावरं झालं. आठवडाभर नुसतं घरभर मला शोधत फिरायचं. मग केव्हातरी कंटाळून त्यानं स्वयंपाकघराकडं कान लावला असणार.

कर्जतचा पाऊस म्हणजे काय ते मी सांगायला नको. मी रेनकोट घालून खिडकीबाहेर, पागोळ्या डोक्यावर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत फोन. मी कामावर असले की कुंदावहिनी उभ्या राहायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "आमाला नापास केलं ते केलं, कुत्र्याला पुन्ना बसवतायत तर बसू दे," असं म्हणत त्या डोक्यावर इरलं घेऊन उभ्या. हळूहळू गल्लीतल्या प्रत्येक घरानं आपापला वार वाटून घेतला. आणि बाई? त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, न चिडता, एका शिट्टीपासून. ते जमल्यावर सकाळी अकराला, गल्लीच्या शिट्ट्यांत, आणि दुसऱ्याच्या कुकरला आला तर सुकट नाही. चुकला की भिंतीकडं तोंड, बरोबर आला की कंपासपेटी. मॉनिटर तोवर पिल्लाचा दांडगा झाला होता, त्याचे कान अखेर डोक्याच्या मापाचे झाले.

ऑक्टोबर आला. परीक्षेच्या सकाळी कुंदावहिनींनी गल्लीत फिरून सांगितलं, आज कुणीबी कुकर लावू नका, पोराचा घोटाळा नको व्हायला. हे बाईंना कळलं. त्या छत्री घेऊन घरोघरी गेल्या आणि प्रत्येकीला समोर उभं करून दरडावलं, "रोजच्यासारखा कुकर लागला पाहिजे. सगळ्यांचा. सोपा पेपर काढलेला मला चालणार नाही." आणि मला घराबाहेर काढलं, पार गल्लीत.

नितीन आत गेला, दार लागलं. आम्ही सगळ्या बाहेर. आठी घरांत कुकर चढलेले, पण घरात कुणी नाही. मी नखं खात होते. खरं सांगते, दहावीच्या निकालालाही मी एवढी खाल्ली नव्हती.

दार आणि फोन आत झालं असावं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. पलीकडच्या घरातून एक, समोरून दोन, एकमेकींत मिसळलेल्या. पण बाईंच्या त्या जुन्या कुकरचा आवाज घोगरा, घसा बसलेल्या माणसासारखा. पावसाळाभर खिडकीखाली उभं राहून आम्ही सगळ्या तो ओळखायला शिकलो होतो. आणि तो आला. एक.

कुंदावहिनींनी माझा दंड पकडला.

दोन. समोरच्या घरातला कुकर बोंबलतच होता. कुणीतरी म्हणालं, "तो गोंधळेल गं." मग घोगरा आवाज पुन्हा. तीन.

आता आत जाऊन गॅस बंद व्हायला हवा. चौथी झाली की संपलं. सगळीकडून शिट्ट्या चाललेल्या, त्यांतून आम्ही फक्त एक आवाज येऊ नये म्हणून कान लावून उभ्या. कुंदावहिनींच्याच घरातून करपलेला वास यायला लागला. मी म्हटलं, "वहिनी, तुमचा भात."

"जळू दे! गप ऱ्हा, ऐकू दे."

चौथी आली नाही. आम्ही वाट पाहिली, आणखी पाहिली. नाही आली. वहिनींनी माझा दंड इतका दाबला होता की वळ उठले. माझी छाती अशी भरून आली, की जणू तो कुत्रा मीच पोटच्या पोरासारखा वाढवला होता, आणि त्या बाईही माझ्याच होत्या.

दार उघडलं. नितीन फोन कानाला लावून पायरीवर आला, आईशी एक शब्दही न बोलता. त्याच्या मागं उंबऱ्यात बाई, हात मॉनिटरच्या डोक्यावर. गॅस आपण वेळेवर बंद केला, एवढं त्यांना माहीत होतं. पोरानं काय ठरवलं, ते माहीत नव्हतं. आणि तो पाठमोरा होता.

"ऐक," तो बायकोला फोनवर सांगत होता, "त्या खोलीतलं पोराचं टेबल हलवू नकोस. तिथंच राहू दे. नाही येत आई. नाही गं, मीच नाही म्हणतोय. हे तिचं घर आहे."

अख्ख्या गल्लीनं ते ऐकलं, फक्त बाईंनी नाही. जन्मभर दुसऱ्यांचे निकाल लावलेली ती बाई उंबऱ्यात उभी राहून आमच्या चेहऱ्यांकडं एकेक करून बघत गेली. माझ्याकडं, समोरच्या घरातल्या सुनेकडं, पदराला डोळे पुसणाऱ्या कुंदावहिनींकडं. आणि त्यांना कळलं. मान ताठ झाली, डोळे भरले. मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला, नाक उडवलं, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रडतेस काय, कुंदा? भात करपला तुझा. जा!"